कागदाच्या माथ्यावरचे दोन शब्द

३ मार्च १९९३, धुळे

सिद्ध करायचे ते असे : शाळा आणि देऊळ या एकाच संस्थेच्या दोन इमारती आहेत. दोन्हीकडे श्रद्धा नसली तरी चालते, हजेरी लागते. दोन्हीकडे मधला माणूस असतो – तिकडे पुजारी, इकडे मास्तर. शेवटी हातावर काही पडते. तिकडे त्याला प्रसाद म्हणतात, इकडे गुणपत्रिका. आणि ज्याच्या हातावर काहीच पडत नाही त्याला दोन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळते – तुझेच काही चुकले!

चौतीस वर्षे समाजशास्त्र शिकवले. एकाही विद्यार्थ्याने हे विधान खोडून काढण्याचा प्रयत्न केला नाही. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

दहावीच्या परीक्षेच्या भरारी पथकात माझे नाव घातले आहे. पत्रात 'निवृत्त व निःस्पृह' असे विशेषण. पथकाने कॉपी पकडायची, मी निरीक्षण करायचे. याच विषयावर लिहीत असलेल्या निबंधाला पुरावा हवाच होता.

९ मार्च

चाळीसगाव तालुक्यातले एक केंद्र. नाव लिहीत नाही. कोणतेही लिहिले तरी वर्णन तेच राहील.

आवारातच मारुती. साडेदहापर्यंत नारळाच्या करवंट्यांचा खच. हॉल तिकिटे मूर्तीच्या पायांना लावून आणलेली – फोटोवर शेंदराचे बोट, मुख्याध्यापकांची सही त्याखाली गडप. पर्यवेक्षक ती भक्तिभावाने तपासत होते! खिडक्यांच्या गजांना काका-मामा लोंबकळत होते. केंद्रसंचालक बन्सीलाल यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "घ्या साहेब. पोरं आपलीच आहेत." कोणाची, ते मी विचारले नाही.

पथकात माझ्याबरोबर रतिलाल भदाणे, शिक्षण विस्तार अधिकारी. हसतमुख आणि निरुपयोगी. जीपमध्ये म्हणाला, "सर, तुम्ही बुद्धाचे. तुम्हाला हे सगळं थोतांडच वाटणार." मी म्हटले, विहारात मेणबत्ती लावून पोराला नोकरी मागणारेही मी रोज पाहतो, फरक मेणाचा आणि तेलाचा. तो मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे आपल्या माणसालाही सोडत नाही तुम्ही! बघू हां."

'बघू हां' म्हणजे काय?

१६ मार्च

भूमितीचा पेपर. तेच केंद्र, खोली क्रमांक चार.

कागद सापडला. झेरॉक्सवर बारीक करून काड्यापेटीएवढा केलेला. त्यात पाच प्रमेये. माथ्यावर दोन शब्द – 'नमो बुद्धाय'. रतिलालने माझ्या खांद्यावरून वाचले. "घ्या सर! आता?" आणि डोळा मिचकावला. बन्सीलाल दारात उभे. सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

बैठकयादी पाहिली. नाव शोधायला वेळ लागला नाही. रत्नमाला बिऱ्हाडे.

मुलगी उभी राहिली. सडपातळ, दोन वेण्या, शाईचा डाग पडलेली बोटे. "हा कागद तुझा?" – "नाही सर." तीनदा विचारले, तीनदा तेच उत्तर. कबुलीवर सही करायला नकार. मी गैरप्रकाराचे प्रपत्र भरले. उत्तरपत्रिका जप्त झाली, नवी दिली. तिने उरलेला वेळ खाली मान घालून लिहून काढला. रडली नाही. रडणे सोयीचे झाले असते.

तर्क असा : कागदावर बौद्ध वंदन आहे, असा कागद बौद्धच बाळगील, खोलीत बौद्ध परीक्षार्थी एकच, म्हणून कागद तिचा. कुठेही फट नाही.

परतताना रतिलाल म्हणाला, "मानलं सर. दुसरा कोणी असता तर कागद गुपचूप खिशात घातला असता."

१७ मार्च

निबंधाला उत्तम उदाहरण मिळाले. ज्यांनी देव सोडले त्यांनी कागदाच्या माथ्यावर नवा बसवला.

२० मार्च

विज्ञान. एका मुलाच्या मोज्यात कागद. आडनाव पाटील, कपाळावर ताजा शेंदूर. कागदाच्या माथ्यावर – तेच दोन शब्द!

बन्सीलाल हात जोडून धावले. "मोठ्या घरचा पोरगा आहे साहेब, शिकवू आपण त्याला." रतिलालने समज देऊन सोडले. समज कसली? पुढच्या वेळी मोजा जाड घाल, अशी असावी. मी टिपण घेतले. निरीक्षक हस्तक्षेप करीत नाही.

खिडकीखालच्या कचऱ्यात असे आणखी कागद पाहिले. मोजले नाहीत. यावरून इतकेच ठरते की तसे कागद इतरांकडेही आहेत. रत्नमालाचा कागद तिचा नव्हता, असे त्यावरून ठरत नाही. अनुमान टिकते. किंचित लंगडते.

२ एप्रिल

सकाळी मुलीची आई आली, बेबाबाई. पहाटेच्या एस.टी.ने. खुर्ची दिली तर पायरीवर बसली. कशाला हा नम्रपणा? मला त्याची चीड आहे.

"आबा, मनी पोर खोटं नही बोलस. तुम्ही आपला शेतस, म्हनीसन उनू."

आपला! शतकानुशतके जातीने मार खाल्ला, आणि न्याय मागायची वेळ आली की पुन्हा जातच पुढे करायची. मी म्हटले, इथे आपला-परका हा प्रश्नच नाही. प्रश्न पुराव्याचा आहे.

तिने पदराने तोंड पुसले. मुलीला नर्सिंगला जायचे आहे. काकाने सुरतेचे स्थळ पाहून ठेवले आहे. चौकशीत पोर खोटी ठरली तर जेठात लग्न. हे सगळे तिने भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले. मी म्हटले, मंडळाची चौकशी समिती ठरवील.

जाताना फाटकाशी थांबली. "तुम्हनं बी खरं व्हई, आबा. पन तुम्हीन तिले एक डाव तरी इचारं का – कागद कोना शे?"

नाही. 'तुझा का' एवढेच विचारले होते.

११ एप्रिल

चाळीसगावला जाऊन आलो. पद्धतीचा भाग म्हणून. दुसरे कारण नाही.

झेरॉक्सच्या दुकानात विचारले. कागदावरचे अक्षर मोतीलाल सुरवाडे या शिकवणीवाल्याचे निघाले. बी.एस्सी., नोकरी नाही, पत्र्याच्या शेडमध्ये क्लास. मला पाहून खडू खाली ठेवला, पाया पडायला वाकला. अडवले.

"माझ्याकडे चौसष्ट पोरं आहेत सर. त्यात आपली दोन."

"माथ्यावरचे ते शब्द?"

"ते मी प्रत्येक पानावर लिहितो. वडिलांनी लावलेली सवय. पोरं अख्खं पान झेरॉक्सला देतात. मी म्हटलं, अरे वरचं कापा, जागा वाचेल. तर म्हणे, नको सर, गेल्या वर्षी एकानं कापलं, तो नापास झाला!"

"ही मुलं मारुतीला नारळ फोडतात."

"फोडतात ना. आणि वर्गात शिरताना माझा कागदही कपाळाला लावतात. त्यांना काय सर, मार्क कुठूनही येवोत." तो मनापासून हसला. मी हसलो नाही.

"आणि रत्नमाला?"

"तिला कशाला लागतोय कागद? मी बाजाराला गेलो की बाकीच्यांना तीच शिकवते."

एस.टी.त उभ्याने आलो. दोन तास. इतका सबळ पुरावा मला आयुष्यात मिळाला नव्हता : पाटलांची, महाजनांची पोरे बुद्धाचे नाव कपाळाला लावून कॉपी करतात, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. अर्थ कोणालाच नको, गुण सर्वांना हवेत. निबंध इथेच पुरा व्हावा.

फक्त 'असा कागद बौद्धच बाळगील' हे विधान खोटे निघाले. ते खोटे म्हणजे पुढचे सगळे खोटे. प्रथम वर्षाचा विद्यार्थी अशी चूक करता तर मी त्याला वर्गात उभे केले असते.

१२ एप्रिल

निबंधाला हात लावला नाही.

२८ एप्रिल

चौकशीची नोटीस. चार मे. मुलगीही येणार.

त्यामागोमाग रतिलाल, घरी, पेढ्यांचा पुडा घेऊन. "सर, प्रपत्रात लिहिलंय तेवढंच सांगा. मोडू नका. ते मोडलं की मोज्यातलंही निघेल, मग बन्सीलालही गेले आणि मीही. एका पोरीसाठी?" जाताना वर – "आणि लोक काय म्हणतील? शेवटी आपल्या जातीवर गेले!"

या माणसाला माझी नाडी मार्चपासूनच सापडली होती. पेढे परत दिले.

४ मे

समितीला दिलेल्या लेखी निवेदनाची नक्कल :

'कागद कोठे आढळला' या रकान्यात मी 'विद्यार्थिनीच्या बाकाखाली' असे लिहिले आहे. ते खोटे आहे. कागद तिच्यापुढच्या तिसऱ्या बाकाखाली होता. तेथे बसलेला मुलगा तो पायाने मागे सारत असताना मी स्वतः पाहिले होते. माथ्यावरचे शब्द वाचल्यानंतर मी यादी उघडली. विद्यार्थिनी माझ्या समाजाची आहे. आपल्या माणसाला सोडले असे कोणी म्हणू नये, म्हणून मी तिचे नाव लिहिले. तर्क नंतर रचला.

पुना सखाराम अहिरे
निवृत्त प्राध्यापक, समाजशास्त्र, धुळे