एक दिवस कमी

बाबा, आज आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात पेढे वाटले गेले, आणि ते तुमच्यामुळे, म्हणून लिहायला बसले. नव्यानं लागलेल्या एका मुलीला सातवा महिना होता तेव्हाची गोष्ट. नियमात ठरलेले दिवस काम झालं असेल तरच बाळंतपणाची रजा मिळते. ती माझ्या टेबलाशी आली, चेहरा उतरलेला. "मॅडम, सिस्टिम कह रहा है, एक दिन कम है." तो प्रोग्राम मीच लिहिलेला. कामाच्या शेवटच्या तारखेतून रुजू झाल्याची तारीख वजा करायची, एका ओळीचं काम. ओळ पुन्हा पाहिली, बरोबरच वाटली. वजाबाकीत कॉम्प्युटर कसा चुकेल?

आणि एकदम आपलं सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं. मी सहावीत. तापातून उठून शाळेसाठी अर्ज लिहिलाय: पाच तारखेपासून आठ तारखेपर्यंत, तीन दिवस रजा. तुम्ही दिवसभर लोकांची सर्व्हिस बुकं तपासून आलेले. अर्ज वाचता आणि विचारता, "पाच तारखेला शाळेत गेली होतीस?" "नाही." "मग तो दिवस कुठं गेला?" मला रडू फुटतं. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून फरशीवर पसरता, एकेका तारखेवर राजम्याचा दाणा ठेवायला लावता. चार दाणे! आई ओरडते, "अहो, राजमा भिजवायचाय, चलो, उचला ते." तुम्ही मात्र माझ्याकडेच बघता. "वजाबाकीनं दोन तारखांमधलं अंतर कळतं, बेटा. माणूस रुजू झाला तो दिवसही त्याचाच असतो. कुणाचा दिवस असा गिळायचा नाही."

मी त्या ओळीत अधिक एक केलं. रजा मंजूर! ती मुलगी मला घट्ट मिठी मारून हसत सुटली, आणि आठवड्याभरात पानिपतला माहेरी गेली. आज तिच्या नवऱ्यानं पेढे आणले. मुलगी झाली, जावळ भरपूर, फोटोत जांभई देतेय.

तुम्ही गेल्यावर हे पत्र आता कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक खरं सांगते. त्या वेळी मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं होतं, "यार, ये पकड़ा कैसे?" मी म्हटलं, कॉलेजमध्ये शिकवलं होतं. तुमचं नाव घेतलं असतं ना बाबा, तर सगळ्यांसमोर रडले असते.