चढाला उतरायचं

आई, काल मी सायकलवर शहापूरला जाऊन आले. पहाटे इंदिरानगरातून निघाले आणि दिवेलागणीच्या आत परत इंदिरानगरात हजर. सायकलवाल्यांची दरवर्षीची वेळ लावलेली फेरी असते, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, शहापूरला आपलं कोण आहे? कोणी नाही. तिथे एका हॉटेलच्या दारात कार्डावर शिक्का मारून घेतला, दोन केळी खाल्ली आणि सायकल उलटी फिरवली. बावन्नाव्या वर्षी ही कुठली अवदसा आठवली म्हण हवं तर. पण ठरलेल्या वेळेच्या आत पोचले, आणि हे सांगायला सगळ्यात आधी तू आठवलीस.

सहावारीचा पदर कमरेला खोचून, डबा हँडलला अडकवून तू अंबडला कंपनीत जायचीस, मोटारींच्या कॉइल गुंडाळायला. तेव्हा आपल्या गल्लीत सायकलवर कामाला जाणारी तू एकटीच. बायका ओट्यावरून बघायच्या, तू घंटी वाजवून पुढे. माझी शाळा तिकडेच होती, म्हणून संध्याकाळी मी कंपनीच्या गेटवर येऊन थांबायचे आणि तुझ्या मागे कॅरिअरवर बसून घरी यायचे. वाटेत तो चढ लागायचा. आता गाडीतून जाताना तिथे चढ आहे हे कळतसुद्धा नाही, पण तू रोज तिथे खाली उतरायचीस. ‘उतर’ म्हणालीस की मी कॅरिअरवरून उडी मारायची, तू हँडल धरायचं आणि मी मागून ढकलायचं. तुला दम लागलेला असो वा नसो, नियम म्हणजे नियम. शेजारून पाळी सुटलेले पुरुष पेडलवर उभे राहून, दात-ओठ खात चढून जायचे आणि मला तुझी लाज वाटायची.

आठवीत होते तेव्हा एका रविवारी मी तुझी सायकल घेऊन तो चढ एका दमात चढायला गेले. मैत्रिणी बघत होत्या. अर्ध्यावर चेन तुटली आणि मी सायकल ओढत घरी आले. तू अंगणात उकिडवी बसून चेन हातात धरलीस, बोटं काळी झाली. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू वर न बघता एवढंच म्हणालीस, “चढाला उतरायचं. सायकलला उद्या पण कामावर जायचंय.” धपाटा परवडला असता. मी दोन दिवस गाल फुगवून फिरत होते.

तू गेलीस तेव्हा माझ्या लेकीला दात येत होते. आता ती नोकरीला बंगलोरला असते. तिच्या मागे घर रिकामं झालं, डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि मी गिअरची सायकल घेतली. आमचा एक ग्रुप आहे. रोज पहाटे भेटतो, रविवारी लांब जातो. ग्रुपचा पुढारी म्हणजे दातांचा डॉक्टर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण शिकवण्याची भारी हौस. त्याचं एकच पालुपद: घाटात पाय टेकवायचा नाही, टेकवला की संपलं. गेल्या वर्षी मी त्याचं ऐकलं. शहापूरहून येताना कसाऱ्याच्या घाटात पाय न टेकवता चढत राहिले, आणि मधल्या वळणावर मांडीत असा गोळा आला की सायकलसकट आडवी झाले. टेम्पोत सायकल टाकून घरी आणली. शेजारच्या वहिनी हळद-दूध घेऊन आल्या आणि या वयात गुडघे सांभाळावेत असं गोड शब्दांत सुनावून गेल्या. मी चिडले, रडले. तुझ्या जावयांना सांगून टाकलं, पुढच्या वर्षी नाही जमलं तर ही सायकल विकायची. ते वर्षभर पहाटे माझ्या आधी उठून चहा ठेवत राहिले.

तर काल पुन्हा तो घाट. थंडीचे दिवस, पण दुपारचं ऊन पाठीवर बसलेलं, शेजारून ट्रक घरघरत चाललेले. त्याच वळणाच्या खाली मांडी थरथरायला लागली. मला ती थरथर चांगली ओळखीची. अजून दहा पेडल मारली असती तर पुन्हा टेम्पो. आणि आई, तेव्हा तुझी ती काळी बोटं डोळ्यांसमोर आली. मी उतरले. हँडल धरलं आणि तुझ्यासारखी डाव्या बाजूने चालायला लागले. ग्रुपमधली दोघं शेजारून पुढे जाताना ‘चढा, चढा’ म्हणाली, मी हात हलवला. चालता चालता पाणी प्यायले, मीठ-साखर चाटली, आणि मांडी मुकाट्याने सरळ झाली. वरच्या वळणावर कठड्याला टेकून आमचे डॉक्टरसाहेब बसलेले, पोटरी धरून, तोंड कडू. मी त्यांना उठवलं आणि चालायला लावलं. पाय टेकवला की संपतं, असं ते पुटपुटले. मी म्हणाले, “सायकलला उद्या पण कामावर जायचंय, डॉक्टर.” ते हसायलाच लागले. दोघं चालत वर आलो आणि सपाटीला लागल्यावर सायकलवर बसलो.

घोटीला चहाला थांबलो. टपरीवरच्या मावशींनी माझं हेल्मेट, गुडघे, बूट असं सगळं नीट पाहून घेतलं. “घरी गाडी नाय का ओ ताई?” त्यांनी विचारलं. आहे म्हणाले. “मंग लय हौस हाय,” असं म्हणून त्यांनी चहात जास्तीचं आलं ठेचून घातलं. खरं सांगते, त्या चहानंतर मी उडालेच. वाडीवऱ्हे कधी मागे पडलं कळलं नाही. वारा तोंडावर होता, तरी मी गात होते, बेसूर, मोठ्याने. डॉक्टर मागे राहिले, तेही पोचले शेवटी, वेळेत.

आणि मग अंबड. कंपनीची जागा आता दुसऱ्याच कोणाची आहे, गेटही बदललं. तिथून आत वळले की आपला तो चढ, आणि चढ संपला की शेवटचं ठिकाण. वर ग्रुपची माणसं टाळ्या वाजवत उभी होती. तुझे जावई राहवेना म्हणून चढ उतरून खाली आले होते. मी खाली उतरून सायकल हाताने चालवायला लागल्यावर त्यांचा चेहरा पडला. मागून ढकलायला त्यांनी सीटला हात लावला. मी म्हणाले, “हात काढा, बाद करतील.” कोणाची मदत घ्यायची नाही असा नियम आहे. ते बिचारे हात पाठीमागे बांधून शेजारून चालत आले. वर पोचल्यावर शिक्का बसला, पदक मिळालं, वेळ शिल्लक होती, आणि मी इतकी ओरडले की रिक्षावाला थांबून बघायला लागला. शेजारच्या वहिनींनाही घरी जाऊन पदक दाखवलं, मुद्दाम.

हे पत्र कुठे जाणार नाही, तू वाचणार नाहीस, मला ठाऊक आहे. सगळ्यांना वाटतं, शेवटी पायांनी दगा दिला म्हणून मी तिथे उतरले. मीही तसंच वाटू दिलं. तुला म्हणून सांगते, पायांत चिक्कार जोर होता. तो चढ मी हसत चढून गेले असते. पण हँडल धरून तिथून चालत घरी यायची पाळी माझी होती, आणि मला थोडा वेळ तुझ्याबरोबर चालायचं होतं.