अडतीस कागद, एकच उत्तर

मंगळवार, १४ मे

ओसेया हेडमास्तरांच्या टेबलावर बदलीचा अर्ज! अर्धा भरलेला. मी हजेरीपट शोधत होते, मुद्दाम पाहिला नाही — बरं, दुसऱ्यांदा मुद्दाम पाहिला. शिऊ मास्तरांनी तर लपवायचीही तसदी घेतलेली नाही. त्यांचा अर्ज खडूच्या डब्याखाली. दोन्ही अर्ज ३१ जुलैच्या टपालाने जाणार.

सातवी-आठवी चालवायला तीन कायम शिक्षक लागतात. ओसेया, शिऊ आणि मी. एक गेला की दोन्ही वर्ग बंद. मग अकरा मुलं खाडीपलीकडच्या वसतिगृहात. बारा वर्षांची पोरं, महिन्यातून एकदा आईचं तोंड बघणार!

मी इथे आल्यापासून नऊ वर्षांत सतरा शिक्षक आले नि गेले. प्रत्येकाला आम्ही चटई दिली, हार घातला, गाणं म्हटलं, बोटीत बसवलं. आता बास. या वेळी नाही जाऊ देणार.

शुक्रवार, १७ मे

पदवीचा शेवटचा विषय कृतिसंशोधन. करायचंच आहे, तर हेच करीन — आमच्या शाळेत शिक्षक का टिकत नाहीत?

मार्गदर्शक उनाइसी मॅडमना शहरात फोन लावला. "विषय चांगलाय. पण नुसतं मोजत बसू नकोस. विचार, काहीतरी करून बघ, काय झालं ते पाहा, परत विचार. शोधता शोधता शाळा एकत्र यायला हवी." मग म्हणाल्या, "शिक्षकांच्या यादीत तुझंही नाव घाल. शोधणारी बाहेर उभी राहत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, माझी आई याच गावची. मी गावची भाची. मी कुठे जाणार?"

मधल्या सुट्टीत दोघांना विचारून घेतलं. ओसेया — "मला काही तक्रार नाही." तीन वर्षांत हा माणूस एवढं एकच वाक्य बोललाय. शिऊ मास्तर मात्र सुटले. "काय आहे मॅडम, दार वाजतं. मी उघडेपर्यंत टोपली असते, माणूस नसतो. अळूचे कंद, शहाळं, मासा. मी मासा खात नाही हो! सहा वर्षं सांगायचंय. ऐकायला कुणीतरी थांबायला नको का?"

मासा मग मांजराला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. माझ्या दारात टोपली येत नाही म्हणा. मी थोडीच पाहुणी?

सोमवार, २० मे

अडतीस घरं, अडतीस कागद वाटले, 'शिक्षक का जातात?' हा प्रश्न लिहून. प्रत्येकाला बजावलं — आपापलं मत लिहा, शेजाऱ्याला दाखवू नका.

सोमवार, २७ मे

कागद आले. नेमानीमामांनी स्वतः आणून दिले, दोरीने बांधून. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, गावाच्या वतीने बोलणारे. गठ्ठा सोडला. पहिला कागद वाचला. दुसरा वाचला. पाचव्यानंतर भराभर उलटले. अडतीसच्या अडतीस कागदांवर एकच उत्तर, शब्द न् शब्द तोच, आणि सगळं मामांच्या अक्षरात!

"मामा, हे काय केलंत? प्रत्येकाने वेगळं लिहायचं होतं!"

"वेगळं? तीन संध्याकाळी सभागृहात बसलो आम्ही. घोळून प्यायच्या यांगोनाच्या मुळांची अख्खी पिशवी संपली. बायका बोलल्या, म्हातारे बोलले, तो पावलासीसुद्धा बोलला, जो कधी बोलत नाही. सगळ्यांचं एक झालं तेव्हा लिहिलं. आणि तू रडतेस?"

"पण मला अडतीस मतं हवी होती."

"मग अडतीस भांडणं लावायची होतीस का गावात?"

हात दुखत होता त्यांचा. चोळत होते. मी आभारसुद्धा मानले नाहीत. इतकी चिडले होते.

मंगळवार, २८ मे

उनाइसी मॅडम — "हे कागद टाकून दे. एका माणसाने भरलेत, कुणीही याला फसवणूक म्हणेल. प्रत्येकाला एकटं बसवून परत भरून घे."

मी — "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. तीन संध्याकाळी अडतीस घरं शाळेसाठी बसली. नऊ वर्षांत पहिल्यांदा! ती टाकून देऊ?"

"वासेमाका, तू नापास होशील."

होईन!!

शनिवार, १ जून

आज डोकं थंड झालं. उत्तर पुन्हा वाचलं — या वेळी राग नाही, लाज वाटली.

"मास्तर लोक आमचे पाहुणे. पाहुण्याला काम सांगायचं नाही, त्याच्या घरात डोकवायचं नाही, त्याची थट्टा करायची नाही. आम्ही कुठे कमी पडलो ते कळवावं."

कमी कुठे पडलात? जास्त पडलात! सतरा माणसांना आपण इतका मान दिला, की त्यांच्याशी कुणी बोललंच नाही. इथे ज्याला चिडवत नाहीत तो आपला नाही, हे आपल्याला कळतं आणि त्या बिचाऱ्यांनाही कळतं. पाहुणा म्हणून ठेवलं, पाहुण्यासारखे गेले.

तशीच मामांकडे गेले. म्हटलं, शिऊ मास्तरांना मळ्यात तुकडा द्या, कामाला लावा. मामांच्या कपाळाला आठ्या. "मास्तरच्या हातात कुदळ? पलीकडचं गाव काय म्हणेल, यांनी मास्तरला उपाशी ठेवलं?" मामी तर तोंडावर हात घेऊन बसली.

वाद घातला नाही. भिंतीला टेकून मामांची नवी कुदळ होती. उचलली आणि चालू लागले. भाचीने मामाच्या घरातलं काहीही न्यावं, मामाने ब्र काढू नये, ही आमची रीत. नऊ वर्षांत हा हक्क मी कधी वापरला नव्हता. मागून मामी ओरडली, "अगं, निदान जुनी ने!"

कुदळ शिऊ मास्तरांच्या दारात उभी केली. आणि तिथेच थांबले, त्यांनी दार उघडेपर्यंत.

बुधवार, १२ जून

शिऊ मास्तर उसाच्या मळ्यात वाढलेले. मामांना वाटलं होतं, मास्तर चार घाव घालेल आणि बसेल. मास्तरांनी सरी अशी पाडली, की मामा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "सरळ आहे. पण आमच्या कंदांना सरळ आवडत नाही." मास्तर म्हणाले, "तुमच्या कंदांना शाळेत पाठवा." मळा हसला! मामासुद्धा.

मी मोजते आहे. या आठवड्यात शिऊ मास्तरांच्या दारात चारजण थांबले. मागच्या महिन्यात शून्य.

ओसेया मात्र भिंत. मासेमारीला या म्हटलं, तर — "मी शाळेचा प्रमुख आहे. माझ्या बेटावर पाहुण्याला पाण्यात उतरवत नाहीत." घ्या! म्हणजे हा स्वतःला पाहुणाच समजतो. वर, नीट पाहुणचार होतोय याबद्दल त्याला काही तक्रार नाही! आणि अर्ज आता पूर्ण भरलेला आहे. मी पाहिला. मुद्दाम.

गुरुवार, १३ जून

ओसेयांना स्पष्ट सांगितलं — अकरा मुलांना वसतिगृहात घालून तुम्ही कोणत्या बेटावर सुखाने झोपणार? त्यांनी दार लावून घेतलं. मी जरा जास्तच बोलले. माघार घेणार नाही.

शनिवार, २९ जून

पाठ, खांदे, सगळं ठणकतंय. पण लिहिणारच.

आज गावाची मासेमारी. वेली पिळून केलेला लांबच लांब दोर, मासे कोंडायला ओहोटीच्या पाण्यात गोल धरून सगळं गाव उभं. शिऊ मास्तरांना पोहता येत नाही, म्हणून उथळात बायकांबरोबर. ते घसरले, पार डोक्यापर्यंत गेले, दोर धरूनच वर आले. आमची मामी — "अगं बायांनो, मास्तर मासे खात नाही हे माशांना कळलंय! सगळे त्याच्याच मागे लपलेत!" म्हणजे गावाला कळलं. सहा वर्षांनी कळलं.

ओसेया आले होते. इस्त्रीचा शर्ट, काठावर, हात मागे. आमचे पुरुष दोर आवळत होते आणि खडकाच्या बाजूला फट राहिली होती. आम्हाला दिसली नाही. बेटावरून आलेल्या माणसाला दिसली. आधी खाकरले. मग एक पाऊल पुढे. मग एकदम — "अरे डावीकडे! डावीकडे सोडताय सगळं! डोळे आहेत की बटणं?"

सगळं गाव थिजलं. हेडमास्तर ओरडला!

पाण्यातून पावलासी म्हणाला, "मास्तर, आम्ही आठवी नापास. डावी कुठली ते येऊन दाखवा."

ओसेया शर्टासकट पाण्यात शिरले. छातीपर्यंत गेले आणि अर्धा तास सगळ्यांना फाडून खाल्लं. पावलासीला गाढव म्हणाले. मामांनासुद्धा म्हणाले, "आजोबा, तुम्ही सावलीत बसा!" आणि मासा किती निघाला! तीन वर्षांत इतका नाही.

ते काठावर शर्ट पिळत होते, तेव्हा मी जवळ गेले. म्हणाले, "वासे, इथे कुणी मला शिवीसुद्धा देत नव्हतं गं." पहिल्यांदा वासे म्हणाले. मी तोंड फिरवलं. मी रडत होते, दुसरं काय.

सोमवार, १५ जुलै

उनाइसी मॅडम स्वतः आल्या. दिवसभर फिरल्या, सगळं पाहिलं, नारळाच्या दुधातले कंद दोनदा घेतले. मग पुन्हा तेच — "नियम माझे नाहीत, विद्यापीठाचे आहेत. एकेकट्याचं मत लागतं."

"इथे माणूस एकेकटा मत बनवत नाही. तसं अहवालात पहिल्याच पानावर लिहिलंय मी. खोडणार नाही."

त्यांनी अडतीस कागद पुन्हा दोरीने बांधले आणि पिशवीत घातले. "भांडून बघते तुझ्यासाठी. खात्री देत नाही." बोटीकडे जाताना म्हणाल्या, "आणि तू? तू कशी आहेस?"

"मला काही तक्रार नाही."

त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. मला ते बघणं आवडलं नाही.

बुधवार, ३१ जुलै

टपालाची पिशवी मीच बांधली. एकही अर्ज नाही!!

ओसेयांच्या अर्जामागे पुढच्या मासेमारीत कोण कुठे उभं राहणार याचा नकाशा आहे. पावलासीच्या नावापुढे "गाढव". शिऊ मास्तरांनी आपल्या अर्जावर भोपळ्याच्या बिया वाळत घातल्यात. सातवी-आठवी राहणार. मुलांना सांगितलं, तर पोरांनी बाक बडवले. बडवू दिले.

पास-नापास गेलं उडत. मी जिंकले.

मंगळवार, ६ ऑगस्ट

शहरातल्या कचेरीतून पाकीट. बदली मंजूर, तिसऱ्या सत्रापासून. नाव माझं.

फेब्रुवारीत मी स्वतः बोटीने जाऊन अर्ज दिला होता. या वहीतसुद्धा ते लिहिलं नाही. सोबत त्याची प्रत जोडलीय. कारणाच्या रकान्यात माझं अक्षर — "नऊ वर्षांत इथे मला कुणी काही विचारलं नाही."

सात दिवसांत मागे घेता येतो. घेईन. पण गुपचूप नाही. आधी मामांसमोर बसून ते कारण वाचणार. मोठ्याने.