शनिवारची बादली

अहो शिवूचे अप्पा,

तुम्ही असताना तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. कशाला लिहू? माझी हाक आपल्या घरापासून जनवाड्याच्या तुमच्या गिरणीपर्यंत ऐकू येते, असं तुम्हीच चारचौघांत सांगायचात. आज लिहिते, कारण दुपारी महादेवी बिदरच्या दवाखान्यातून येणार आहे. ती यायच्या आत मला एक गोष्ट कुणाला तरी सांगून टाकायची आहे. शिवूला सांगायचा धीर होत नाही.

परवा महादेवीला, आपल्या सुनेला, कपडे धुवायच्या मशीनचा शॉक लागला. पाचवा महिना चाललाय तिला.

घाबरू नका. बाळाचे ठोके नीट आहेत म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पण ती मोरीतून फेकली जाऊन दारावर आपटली, तो आवाज माझ्या कानातून जात नाही. शिवूनं धावत जाऊन मेन बंद केलं, मग तिला उचललं. आणि मी? मी चपला घालून नुसती उभी होते.

त्या चपलांपासूनच सांगते. टाचा दुखतात म्हणून हुमनाबादहून तुम्ही मला त्या रबरी चपला आणल्या होत्या, आठवतंय? घरात कुणी चपला घालायच्या नाहीत हा नियम माझा, आणि तो मोडायची मुभाही मलाच. महादेवी लग्न होऊन आल्यापासून घरात अनवाणी. महिन्यापूर्वी ती म्हणाली, “आत्या, मशीन शॉक मारायलंय. हात लावला की मुंग्या यायल्यात.” मी तरातरा गेले, मशीनवर दोन्ही हात ठेवले आणि शेजारच्या अक्कांसमोर तिला विचारलं, “कुठं हाय शॉक? मला कामून लागंना?”

पायात रबर होतं हो! तेव्हा कुठलं ध्यानात यायला? वर तिला म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.” शिवू वायरमनला बोलवायला निघाला होता, त्यालाही अडवलं. म्हणाले, नव्या मशीनसाठी सोंग चाललंय बायकोचं.

तिनं आणखी दोनदा सांगितलं. मग सांगायचं सोडलं. ओढणी हाताला गुंडाळून मशीनचं दार उघडायची. मी बघायची आणि तोंड फिरवायची.

काल वायरमन आला. त्यानं मशीनच्या आतला हीटर काढून दाखवला. बोअरच्या पाण्याचा क्षार त्यावर चुन्यासारखा जाड बसला होता आणि एका जागी हीटर फुटलाही होता. “अव्वा, लिंबूसत घालून मशीन रिकामं फिरवत नव्हता व्हय?” त्यानं विचारलं. ते तुमचं काम होतं! दर महिन्याला लिंबूसत घालून गरम पाण्यावर मशीन फिरवायचं, खालचा फिल्टर काढून त्यातल्या माझ्या पिना ताटलीत जमवायच्या, दाराचं रबर पुसायचं, दार वाळायला उघडं ठेवायचं. “बायकोची एवढी सेवा कधी केली न्हाई,” असं मी म्हटलं की तुम्ही फक्त हसायचात. तुम्ही गेल्यावर वर्षभर त्या फिल्टरला कुणी हात लावला नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वायरमन म्हणाला, “हीटर फुटला तरी अर्थिंग चांगलं असतं तर फ्यूज उडाला असता. माणसाला एवढा झटका बसला नसता. अर्थिंग कुठं हाय तुमचं?”

मला ठाऊक होतं ते कुठे आहे.

परसात भिंतीकडेला जमिनीतून नळीचं तोंड वर आलेलं होतं. दर शनिवारी तुम्ही मीठ कालवून बादलीभर पाणी तिथे ओतायचात. उन्हाळ्यात तर दोन बादल्या. ना तिथे झाड, ना वेल! मी अक्कांना सांगायची, “गिरणीचं पीठ डोक्यात गेलंय आमच्या मालकाच्या, दगडाला पाणी घालायलेत.” एवढं काम, तर एकदा नीट बसवून सांगायचं नाही का मला? आता खोटं कशाला बोलू, सांगितलं होतं तुम्ही. “जमीन कोरडी पडली की करंट माणसातनं वाट काढतो,” म्हणाला होतात. मीच ऐकून घेतलं नाही.

तुमच्या पहिल्या पुण्यस्मरणाला मठातून स्वामी येणार, पंगती बसणार, म्हणून परसात शहाबादी फरशी घातली. गवंडी मला विचारत होता, “अव्वा, ह्या नळीचं तोंड उघडं ठेवू का?” मी म्हणाले, “कशाला? बुजव.” तुमच्या नावानं लोक जेवणार, आणि मी तुमचीच नळी बुजवली!

काल वायरमननं फरशी फोडली. खालची माती भुग्यासारखी कोरडी. “हे कुणी बुजवलं?” त्यानं विचारलं. शिवू माझ्याकडे बघत होता. आणि मी म्हणाले, “गवंड्यानं.”

शिवूनं त्या गवंड्याला काय काय शिव्या घातल्या! तो बिचारा कामाला हैदराबादेत. मी ऐकून घेतल्या. अहो, त्या सगळ्या माझ्या होत्या.

हे कुणालाच कळणार नाही. मी गप्प बसले तर मशीन खराब होतं एवढंच राहील. महादेवीचे वडील दवाखान्यात माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना तिला माहेरी भालकीला न्यायचंय. आज ती राहायला येतेय की कपडे घ्यायला, हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायचं तोंड माझ्याकडे नाही. खरं सांगितलं तर ती आल्या पावली परत जाईल. जन्मात मी कुणाला ‘चुकलं’ म्हटलेलं नाही. तुम्हालाही नाही, शेवटच्या आजारपणातसुद्धा.

नवा हीटर बसवला. नळीत मीठ-कोळसा भरून मी स्वतः दोन बादल्या पाणी ओतलं. वायरमननं टेस्टर लावून दाखवला, तरी माझं मन मानेना. तो गेल्यावर चपला काढल्या, ओल्या मोरीत उभी राहिले आणि ओल्या हातानं मशीन धरलं. दहा मोजेपर्यंत सोडलं नाही. काही झालं नाही. पण ती पोर महिनाभर रोज काय जीव मुठीत धरून तिथे उभी राहत होती, ते तेव्हा कळलं.

दारात ऑटो थांबल्याचा आवाज येतोय.

आता वचन देते. उंबऱ्यात अनवाणीच उभी राहीन. शिवूसमोर, तिच्या वडिलांसमोर आधी तिला हेच सांगेन की तू खरं बोलत होतीस, आणि ती नळी बुजवायला मी सांगितलं. मग तिला राहायचं तर राहू दे, जायचं तर जाऊ दे. ती गेली तरी शनिवारची बादली चुकणार नाही. उंबऱ्याच्या आत तिच्या मापाच्या रबरी चपला ठेवल्या आहेत.

तुमची,
निलम्मा