तेरा साते एक्क्याण्णव

बोरीवली (पूर्व),
रविवार, २३ सप्टेंबर १९८४

प्रिय कॉस्मस,

सकाळपासून कानात तोच आवाज आहे. लाकडी पडद्यापलीकडे तुझा पाचवीचा वर्ग ओरडतोय, "तेरा साते एक्क्याण्णव!" आणि अलीकडे माझी मुलं कविता विसरून त्याच चालीत डुलतायत. मी पडद्यावर टकटक करायचो. पलीकडून तू, "मास्तर, कवितेला ठेका देतोय. फुकट!"

मी बरा आहे. गुडघा जिना मोजून चढतो. शाळेतला तो पडदा काढून आता विटांची भिंत घातली, आपला धाकू शिपाई सांगत होता. तुझा मुलुंडचा पत्ता महिन्यापूर्वी त्याच्याचकडून घेतला.

बुधवारी सव्वीस, तुझा वाढदिवस. सव्वीसला तू शेजारधर्माचा आकडा म्हणायचास. एका अंगाला पंचवीस, पाचाचा वर्ग. दुसऱ्या अंगाला सत्तावीस, तिनाचा घन. वर्ग आणि घन यांच्यात असा नेमका सापडलेला दुसरा आकडा अख्ख्या गणितात नाही. मला वर्ग-घन कधी उमगले नाहीत, पण तू सांगायला लागलास की आकडेही कवितेतल्यासारखे वाटायचे. आणि यंदा तू चौसष्ट! आठाचा वर्ग, शिवाय चाराचा घनही. यानंतरचा असा आकडा सातशे एकोणतीस. तितकं थांबणं आपल्याला जमायचं नाही, म्हणून आज लिहितो.

नाही, हे खरं कारण नव्हे.

दोन वर्षं कागद घेतो, "प्रिय कॉस्मस" लिहितो नि उठून चहा टाकतो. उर्सुलावहिनीचं नाव कागदावर येत नाही. तुझ्या डब्यात माझ्या वाटणीच्या दोन गोड, तळलेल्या फुग्या घालायची, "मास्तराला दे, सुकलाय" म्हणून. ती गेली तेव्हा मी कणकवलीला होतो, भाच्याच्या लग्नात. परतलो चौथ्या दिवशी. धाकूनं सांगितलं. मनात म्हटलं, घर माणसांनी भरलं असेल, तेराव्याला जाऊ, निवांत भेटू. आमच्यात तेरावा मोठा. तुमच्यातही तसंच असेल असं धरून चाललो.

तेराव्या दिवशी पांढरी फुलं घेऊन तुझ्या दारात आलो, तर कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "सातव्या दिवसाची मिस्सा झाली नि तो गेला ना पोरीकडं. तुमची लय वाट बघितली. चर्चमधे बाजूची जागा कुणाला बसू दिली नाय."

कॉस्मस, तीस वर्षं आपल्यात एक पडदा होता आणि मी तुला कधी विचारलं नाही, तुमच्यात कितवा दिवस पाळतात. फुलं कडीला अडकवून आलो. लाज वाटली. पुढं लाजेचीच सवय झाली.

तू पोरांना सांगायचास, एक्क्याण्णव फसवा. दोनानं, तिनानं, पाचानं भाग जात नाही. वाटतं, एकटाच आहे बिचारा. आत सात आणि तेरा गुपचूप बसलेले असतात. तू सातव्याला वाट पाहिलीस, मी तेराव्याला आलो. दोघांचं मिळून जे झालं, ते बाहेरून नुसतं एकटेपण दिसतं.

माफ करशील का रे? बुधवारच्या आत हे तुला

थांब. दार वाजतंय.

कॉस्मस, तुझी पेट्रिशिया उंबऱ्यावर उभी आहे. आत यायला तयार नाही. म्हणते, "काका, तुम्ही पत्ता नेला हे धाकूमामानं सांगितल्यापासून पप्पा महिनाभर पोस्टमनला छळतायत. आज ऐकेनातच. खाली रिक्षात बसलेत अडून. म्हणतात, आधी त्याला विचारून ये, वर येऊ का ते."

विचारून ये म्हणे! गेला गुडघा खड्ड्यात, तीन जिने मीच उतरतो. कागद खिशात घेतोय. तुझ्यासमोर तोंडातून शब्द फुटला नाही, तर हाच हातात देईन.

तेराव्या दिवशी आलेला,
दशरथ