शंकेचा फायदा

आइंडहोवन
१३ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं मार्चचं पत्र वेळेवर पोचलं. उत्तराला उशीर झाला तो निव्वळ थकव्यामुळे. कंपनीने माणसं कमी केली आणि काम तेवढंच ठेवलं. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा संध्याकाळची. मला आता बसमध्ये झोप लागते आणि माझा स्टॉप निघून जातो. नीलांबरीचंही फारसं वेगळं नाही. इरावती तेरा वर्षांची झाली. आम्ही मराठीत रागावतो, ती डचमध्ये उत्तर देते, आणि शेवटी तिघंही न बोलता जेवतो.

तुम्ही दर पत्रात माझ्या बेसबॉलची चौकशी करता, म्हणून सांगतो. हंगाम सुरू झाला. यंदाही मी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला माणूस. जमिनीलगत येणारा चेंडू अडवण्यात आमच्या तिसऱ्या संघात माझा हात कुणी धरत नाही. बॅटचं मात्र रडगाणं. गेल्या सबंध हंगामात पाच फटके. मी नवव्या क्रमांकावर खेळतो, आणि संघात नऊच फलंदाज असतात.

आमचे प्रशिक्षक योप सत्तरीचे आहेत, जन्मभर बस चालवली. त्यांनी परवा शांतपणे सांगितलं की मेअखेर बॅट चालली नाही तर जूनपासून मी बाकावर. त्रेचाळिसाव्या वर्षी याचं वाईट वाटू नये, पण वाटलं. आठवड्यात तेवढेच दोन-तीन तास मी कुणाचे मेल वाचत नाही. चेंडू पिचरच्या हातातून सुटताना मला दिसतो, मग मध्येच कुठे जातो कळत नाही, आणि मागे हातमोज्यात पडल्याचा आवाज येतो. वय झालं असेल.

तब्येत सांभाळा. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला,
अजित

---

सातारा
५ मे २०२५

चि. अजितास अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुमच्याकडच्या पेनांना शाई कमी घालतात काय? फार फिकट उठलं आहे. पुढचं पत्र जाड काळ्या पेनाने आणि एक ओळ सोडून लिही. कागदाची चणचण तिथे नसावी.

त्रेचाळीस हे काही वय नव्हे. चौऱ्याहत्तर हे वय. चेंडू मध्येच कुठे जातो हे कळत नसेल तर तू त्याच्यावरून नजर काढतोस, दुसरं काही नाही. शाळेत असतानाही तुझी हीच खोड होती. बाकी तुमच्या खेळाचं मला फारसं पटत नाही. फटका मारल्यावर बॅट टाकून पळायचं म्हणजे काय? पहिल्या वर्षी तू बॅट घेऊन पळालास आणि सगळे हसले, हे तू लिहिलं होतंस. मी असतो तर हसलो नसतो.

इकडे ऊन फार आहे. अठरा तारखेला पोस्ट खातं विरुद्ध जिल्हा परिषद असा सालाबादप्रमाणे सामना आहे आणि पंच म्हणून मी उभा राहणार आहे. यंदाचं एकतिसावं वर्ष. दोन्हीकडची माणसं आता पोट सुटलेली आहेत, पण भांडतात अजून तशीच. शंका आली की फायदा फलंदाजाला, एवढा एक नियम पाळला की पंचाला रात्री झोप लागते.

अमृता एक रविवार आड पुण्याहून येते आणि स्वयंपाकघरातले डबे उगाच इकडचे तिकडे करून जाते. मग मला दोन दिवस साखर सापडत नाही. तू तिला समजावून लिही. तुझ्या आईने लावलेले डबे आहेत, ते जागेवर असावेत.

सौ. नीलांबरी व चि. इरावतीस आशीर्वाद. पत्र पाठवत जा, एवढीच अपेक्षा.

तुझा,
बाबा

---

आइंडहोवन
१ जून २०२५

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

जाड पेन आणलं आहे, ओळही सोडतो आहे.

आधी चांगली बातमी. मी बाकावर गेलो नाही. उलट गेल्या चार सामन्यांत सात फटके मारले, त्यातला एक उजवीकडच्या कुंपणाला जाऊन लागला. इरावती गुण लिहायला बसते, तिने त्या फटक्यापुढे वहीत उद्गारचिन्ह काढलं. मी विचारलं तर म्हणाली, चुकून निघालं.

झालं असं की योप दोन आठवडे नुसते बघत उभे होते. मग म्हणाले की चेंडू येताना मी मान वाकडी करतो, दाराआडून कुणाचं बोलणं ऐकावं तशी. आम्ही डावा खांदा पिचरकडे करून उभे राहतो. त्यामुळे डावा डोळा पुढे असतो आणि उजव्याला माझंच नाक आडवं येतं. हे नाक तुमच्याकडूनच आलेलं. त्यांनी माझा पुढचा पाय बाजूला सरकवला आणि मला जवळजवळ समोरासमोर उभं केलं. दिसायला वेडंविद्रं दिसतं, पण चेंडू बॅटपर्यंत दिसायला लागला. मध्येच नाहीसा होईना.

आता दुसरी बातमी. योपना बस चालवताना ठरावीक वर्षांनी डोळे तपासून घ्यावे लागत, म्हणून त्यांनी मला चष्म्याच्या दुकानात पिटाळलं. तिथल्या बाईंनी डोळ्यातला दाब मोजला आणि पुन्हा मोजला. मग आमचे हाउसआर्ट्स, म्हणजे घरचे डॉक्टर, आणि तिथून इस्पितळ. मला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूचं थोडं दिसणं गेलं आहे, ते परत येणार नाही. उजवा चांगला आहे. रोज संध्याकाळी थेंब घालायचे, जन्मभर. घाबरू नका, मीही आता घाबरत नाही. पहिले दोन दिवस घाबरलो होतो.

डॉक्टरांनी विचारलं की आईवडिलांपैकी कुणाला आहे का. हे घराण्यात चालत येतं म्हणे. मी माहीत नाही म्हटलं. बाबा, तुम्ही तपासून घ्या. अगदी याच आठवड्यात. हे वेळेवर कळलं तर उरलेलं वाचतं.

तुमच्या अठरा तारखेच्या सामन्याचं काय झालं तेही कळवा. वाट बघतो.

आपला,
अजित

---

सातारा
२० जून २०२५

चि. अजितास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. थेंब एक दिवसही चुकवू नकोस. नीलांबरीला लक्ष ठेवायला सांग, तुझा भरवसा नाही.

फटक्यांचं वाचून बरं वाटलं. योप हा मनुष्य मला आवडला. नाकाबद्दल मी काही बोलत नाही, ते माझ्या वडिलांकडून आलं.

माझ्या डोळ्यांची काळजी करू नकोस. आपल्या घराण्यात कुणाचे डोळे गेलेले नाहीत. तपासण्या काय, माणूस सापडला की डॉक्टर तपासतातच. सामना झाला, परिषद जिंकली. पुढच्या वर्षीपासून मी उभा राहणार नाही असं कळवून टाकलं आहे. गुडघा दुखतो, बाकी काही नाही. एकतीस वर्षं पुष्कळ झाली. कंटाळाही आला.

पावसामुळे बाहेर पडणं होत नाही. पत्र लहान झालं, गोड मानून घे.

तुझा,
बाबा

---

आइंडहोवन
२ जुलै २०२५

चि. अमृतास अ. आ.

तुला फोनवर सांगता आलं असतं, पण मला हे नीट मांडायचं होतं, आणि सोबत एक कागद दाखवायचा होता. बाबांच्या शेवटच्या पत्राची प्रत ठेवली आहे, ती बघ.

सगळ्या ओळी अगदी सरळ आहेत आणि प्रत्येक अक्षराचा पाय एकाच रेषेत छाटलेला आहे. बाबा कागदावर पट्टी ठेवून लिहितात, अमू. मी गेल्या दोन वर्षांची पत्रं काढून बघितली. तेव्हापासून तसंच आहे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची टापटीप. मेमध्ये त्यांनी मला जाड पेनाने लिहायला सांगितलं आणि दोष आमच्या शाईला दिला. तू डबे हलवलेस की त्यांना साखर सापडत नाही. पत्रांत या तीन गोष्टी आहेत आणि मी त्या तिन्ही गमती म्हणून नीलांबरीला दाखवल्या.

माझ्या डोळ्याचं तुला माहीत आहे. त्यांना तपासून घ्या म्हटलं तर ते गुडघ्याचं सांगतात. त्यांचा गुडघा दुखतो असं तू कधी ऐकलं आहेस का?

तू आधीच दमलेली आहेस, नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, आणि वर ही पुणे-सातारा ये-जा. इतक्या लांबून तुला काम सांगायची मला लाज वाटते, तरी सांगतो. त्यांना घेऊन जा. रागावले तर माझं नाव सांग. आणि तुझेही डोळे तपासून घे.

इकडे मला योपनी दुसऱ्या क्रमांकावर खेळायला पाठवलं आहे. संघातले लोक पाठ थोपटतात. मला काही त्याचा आनंद होत नाही. एवढं सगळं दिसायला लागलं, आणि दिसलं ते हे.

तुझा,
दादा

---

सातारा
२७ जुलै २०२५

चि. अजितास अ. उ. आ.

अक्षर अमृताचं आहे, शब्द माझे. मध्ये आपलं काही घुसवायचं नाही असं तिला बजावलं आहे.

तुझं पत्र तिला मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली, रविवार नसताना. टेबलावरची पट्टी उचलून बघितली आणि आत गेली. आत रडली ते मला ऐकू आलं. कान माझे शाबूत आहेत. मग तिने मला डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा जवळजवळ गेला आहे. उजव्यातलं समोरचं तेवढं उरलं आहे, आणि थेंब चुकवले नाहीत तर ते राहील असं म्हणाले. तिचे डोळे ठीक आहेत. तिला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं आहे.

आता सामन्याचं. गुडघा दुखत नाही. त्या दिवशी पोस्टाचा कप्तान धावचीत होण्याच्या बेतात होता. मला स्टंप दिसलेच नाहीत, नुसता आवाज ऐकू आला. मी नाबाद म्हटलं. तो मनुष्य बॅट काखेत मारून आपण होऊन तंबूत निघाला. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला की काका, मी हातभर बाहेर होतो, तुम्ही आता घरी विश्रांती घ्या. त्याने ते दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ दिलं नाही. एकतीस वर्षांत माझा एवढा मान कुणी राखला नव्हता, आणि इतकं अपमानित मला कधी वाटलं नव्हतं.

याहून वाईट आहे ते पुढचं, आणि ते अमृतालाही आत्ताच कळतं आहे. २०२१च्या डिसेंबरात इथे एक शिबिर झालं होतं, तिथे मी डोळे तपासले होते. काचबिंदूची शंका आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा आणि मुलांनाही तपासून घ्यायला कळवा, असं तिथल्या बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी मी घडी करून पंचाच्या टोपीत ठेवली. अजून तिथेच आहे. शंकाच आहे ना, असं म्हटलं. मैदानावरून काढून टाकतील याची भीती वाटली, दुसरं कारण नव्हतं. तुझी आई गेल्यावर तेवढंच एक ठिकाण होतं जिथे लोक माझी वाट बघत.

साडेतीन वर्षं मी स्वतःला शंकेचा फायदा दिला. नियम फलंदाजासाठी आहे, पंचासाठी नाही. तेव्हाच तुला एक ओळ लिहिली असती तर तुझ्या डोळ्यातलं जे गेलं ते राहिलं असतं. तू जूनमध्ये सरळ विचारलंस, तरी मी घराण्याची बढाई मारली. माफ कर असं बापाने मुलाला लिहायची आपल्याकडे रीत नाही. तरी लिहितो. माफ कर.

थेंब रात्री साडेनऊला घालतो. अमृता म्हणते तेव्हा तुमच्याकडे सहा वाजलेले असतात, म्हणजे तुझीही तीच वेळ. मग आपण दोघंही एकाच वेळी मान मागे टाकून छताकडे बघत बसलेले असतो. तू दुसऱ्या क्रमांकावर आलास हे मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं आहे. कुणाला काही समजलं नाही, पण चांगलं म्हणाले.

यापुढे तुझी पत्रं फोनवरून वाचून दाखवीन असं अमृता म्हणते. मी नको म्हटलं. भिंग आहे. तुझं एक पान वाचायला मला दोन दिवस लागतात, आणि मला दुसरं काम नाही. जाड पेनाने लिही, आणि लोभ कमी करू नकोस.

खालची सही माझी मी केली आहे, पट्टी न घेता. ओळ सोडून गेली असेल तर जाऊ दे.

तुझा,
बाबा