दाजींच्या हातातली दोरी

बेंबळी,
३ एप्रिल २०२५

चि. मल्हार यास,
अ. आ. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. फोन असताना अक्काला पत्राची हौस कुठून आली म्हणशील, तर आमच्या घरात फोन म्हणजे चावडी. तुझा आवाज आला की सासूबाई स्पीकर लावायला सांगतात आणि माझ्याआधी स्वतःच उत्तर देतात. म्हणून हे अंगणवाडीत बसून लिहितेय, पोरं झोपलीत. उत्तरही अंगणवाडीच्याच पत्त्यावर पाठव.

मुद्द्याचं लिहिते. शाळेनं स्वतःची बस घेतल्यापासून तुझ्या दाजींची गाडी दारात उभी आहे. दिवाळीपासून ते घरीच आहेत. माणूस वाईट नाही, तुला ठाऊक आहे, पण रिकामा बसला की प्रत्येक गोष्टीत अपमान शोधतो. परवा आमटीत मीठ कमी पडलं, तर म्हणाले की कमवत नाही त्याच्या वाट्याला अळणीच यायचं. तुमच्या साइटवर त्यांचं काही जमेल का? रिगर म्हणजे नक्की काय करता, शिकायला किती दिवस लागतात, पगार काय, सगळं सविस्तर लिही.

आणखी एक. त्यांनी मोबाईलवर जाहिरात बघितली: रिगर पाहिजे, घरबसल्या काम. तेव्हापासून विचारताहेत की घरी बसून होणारं काम मल्हार उन्हात उभा राहून का करतो. आपल्या अणदूरच्या गल्लीतली निकिताही म्हणे रिगरच आहे आणि ती तर माडीवरून खालीही उतरत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

उन्हाचं डोक्याला फडकं बांधत जा आणि अक्काला विसरू नकोस.

तुझी,
मंजुषाअक्का


ईट, ता. भूम,
११ एप्रिल २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गेटवरच्या वॉचमननं ते दोनदा उलटसुलट करून बघितलं. त्याला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. पुढचं पत्र गेटसमोरच्या पार्वतम्माच्या हॉटेलवर पाठव.

निकिताचं काम वेगळं. ती कॉम्प्युटरमधल्या कार्टूनच्या बाहुल्यांच्या आत हाडं बसवते. कोपर कुठं वाकावं, मान किती वळावी हे ती ठरवून देते, मग दुसरा कुणीतरी त्यांना नाचवतो. यालाही रिगरच म्हणतात. मी तिला मुद्दाम विचारलं. हैदराबादच्या कंपनीचं काम आहे, चाळीसेक हजार मिळतात, पण त्यासाठी तिनं पुण्यात कोर्स केला आणि दोन वर्षं फुकटात राबली. लाईट गेली की तिचा जीव टांगणीला. मात्र तिथं चुकलं की एक बटण दाबून मागं जाता येतं. आमच्याकडं ती सोय नाही.

आमचं काम म्हणजे क्रेननं उचलायचं ते बांधून द्यायचं. पवनचक्कीच्या खांबाची घराएवढी नळकांडी असतात. पट्टा कुठं घालायचा, वजन कुठल्या अंगाला झुकेल, पट्ट्याचा धागा उसवलाय का, वारा किती आहे, हे बघायचं आणि क्रेनवाल्याला हातानं इशारा द्यायचा. वजन वर असताना क्रेनवाला एकाच माणसाचं ऐकतो. सध्या तो माणूस मी आहे. नव्या माणसाला हेल्पर म्हणून घेतात, ओव्हरटाइम धरून सतरा-अठरा हजार. वर्ष-दीड वर्ष नीट काम करून परीक्षा दिली आणि कार्ड मिळालं की पंचवीस-तीस. आखातात याच्या दुप्पट, पण तिकडचं नाव काढलं की आई जेवण सोडते.

आमचे सुपरवायझर वीरभद्र साहेब दाजींना घ्यायला तयार आहेत. अडचण माझी आहे. वजन हवेत असताना मी माणसांशी ज्या भाषेत बोलतो, ती दाजींशी बोलता येणार नाही. लग्नात कानपिळीला मी त्यांचा कान जरा जोरात पिळला, तर ते पंगतीतून उठून गेले होते. साइटवर मानपान चालत नाही, हे त्यांना पटत असेल तरच पाठव.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
मल्हार


बेंबळी,
१९ एप्रिल २०२५

चि. मल्हार यास,
अ. आ. वि. वि.

सोमवारी ते निघताहेत. सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी बांधून दिलीत, तुझ्या वाट्याची वेगळी आहेत. नाहीतर सगळी स्वतःच खाशील.

आता नीट वाच. मानपानाचं मी त्यांच्याशी बोलले नाही. बोलले असते तर गेलेच नसते. मेहुण्याच्या हाताखाली जायचं हेच त्यांना जड जातंय. दोन दिवस नुसती बॅग भरत होते. तेव्हा तूच सांभाळून घे. चारचौघांत त्यांच्यावर ओरडू नकोस. अरे-तुरे तर अजिबात नको. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. ते दुखावून परत आले तर या घरात माझ्या माहेरचं नाव घ्यायची सोय राहणार नाही, आणि ते पुन्हा ओसरीवर बसून मीठ मोजायला लागतील. ते दिवस मला परत नकोत, मल्हार.

तुमच्या क्रेनवाल्याला समजते तशी अक्काची खूणही समजून घे.

तुझी,
अक्का


ईट,
२० मे २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

दाजी मजेत आहेत. वजन थोडं उतरलंय, ते त्यांना शोभतं. खोलीत खालची खाट त्यांना दिली, पहिलं ताट त्यांना, पंख्याचं तोंड त्यांच्याकडं. मी त्यांना दाजी म्हणतो म्हणून आमची अख्खी टोळी त्यांना दाजी म्हणायला लागली. बिहारची पोरंसुद्धा वाकून दाजी, पानी लाऊँ का, असं विचारतात. वीरभद्र साहेबही परवा चुकून दाजीच म्हणाले आणि मग हजेरीचा कागद शोधायला लागले. इतका मान त्यांना आपल्या मांडवातही मिळाला नसेल.

कामाला चांगले आहेत. ड्रायव्हरची नजर आहे, अंतर बरोबर ओळखतात. मी त्यांना दोरीवर ठेवलंय. वर चाललेलं वजन वाऱ्यानं फिरू नये म्हणून त्याला दोन बाजूंनी लांब दोऱ्या बांधतात आणि माणसं खालून त्या धरून राहतात. दोरी नुसती मुठीत धरायची, हाताला गुंडाळायची नाही. वजन फिरलं तर दोरी सोडता आली पाहिजे, नाहीतर हात तिच्याबरोबर जातो. दाजी गुंडाळतात. बैल धरायची सवय आहे, तशी पकड घट्ट वाटते म्हणे.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. दाजींना बाजूला घेऊन, चहा पाजून, तुम्ही-आम्ही करत तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी चहा अर्धाच प्याला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तू शपथ घातलीस ती पाळतोय, पण मला हे बरं वाटत नाही. फोनवर सहज म्हणून तूच त्यांना सांगून बघ.

पत्राची वाट बघणारा,
मल्हार


बेंबळी,
२ जून २०२५

चि. मल्हार यास,
अ. आ. वि. वि.

मी सांगणार कसं? दोरीचं मला कळलं कुठून, असं विचारतील. शिवाय त्यांचा फोन आला होता. स्पीकरवर सासूबाईंना सांगत होते की मेहुणा कामावर मालकी दाखवतो, मुठी कशा आवळायच्या तेही शिकवतो. सासूबाईंनी दिवसभर मला ऐकवलं. पण पहिला पगार आला त्या दिवशी त्यांनी मला दुकानातून साडीचा फोटो पाठवला आणि रंग चालेल का विचारलं. लग्नाला सात वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं. मी लई खूश आहे.

थोडं दमानं घे. माणूस हळूहळू शिकतो. पंचमीला मला न्यायला येशील तेव्हा सविस्तर बोलू.

तुझ्या भरवशावर असलेली,
अक्का


ईट,
२४ जून २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

दाजी घरी पोचले असतील. त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही. झालं ते लिहितो.

शनिवारी खांबाचं तिसरं नळकांडं उचललं होतं. वारा मोजून घेतला होता, कमी होता. वजन अर्ध्यावर गेलं आणि माळाच्या मागून एकदम झोत आला. नळकांडं फिरायला लागलं. मी क्रेन थांबवली, पण क्रेन थांबली म्हणून हवेतलं वजन फिरायचं थांबत नाही. समोरच्या माणसानं दोरी सोडली. दाजींनी हाताला दोन वेढे दिले होते. ते ओढले जाऊ लागले, टाचा उचलल्या गेल्या.

सवयीनं तोंडातून आलं ते, दाजी, दोरी सोडा, असंच आलं. दोनदा म्हणालो. वाऱ्यात ऐकू गेलं नसावं. तिसऱ्यांदा मी त्यांना नावानं, अरे-तुरे करून, पुढं आईवरची शिवी जोडून ओरडलो. ती शिवी तुला लिहीत नाही. त्यांनी हात झटकला, वेढे सुटले. दोरी हातमोज्यासकट वर गेली.

मी वजन सावकाश खाली घ्यायला लागलो. दाजींनी हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं आणि गेटबाहेर पडले. मी मागं गेलो नाही. वजन टेकेपर्यंत मला जागा सोडता येत नाही. नंतर ईटच्या स्टँडवर गेलो तर एसटी निघून गेली होती. बॅग माझ्याकडं आहे.

शपथ मोडली. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा मोडीन. पण तुझ्या घरात काय चाललंय ते लगेच कळव.

मल्हार


बेंबळी,
८ जुलै २०२५

चि. मल्हार यास,
अ. आ. वि. वि.

त्यांनी घरी एवढंच सांगितलं की मेहुण्यानं टोळीदेखत आई काढली. सासूबाई रडल्या. त्यांचं चुकत नाही, शिवी त्यांच्यावरच होती. तुमच्याकडचं कुणी दारात यायचं नाही आणि मी पंचमीला जायचं नाही, असं ठरलंय. ठरवताना मला कुणी विचारलं नाही.

हाताला फडकं बांधून आले होते. गरम लोखंड लागलं म्हणे. मी रोज हळद-तेल लावते. वळ तळहातावरून मागं जाऊन पुन्हा तळहातावर येतो, आणि दोन आहेत. गरम लोखंड असं गोल लागत नाही. तुझं पत्र वाचलं नसतं तरी मला कळलं असतं. पण विचारता येत नाही, विचारलं तर पत्रांचं कळेल. म्हणून गप्प बसून तेल लावते. लावताना तुझा रागही येतो आणि हा हात जागेवर आहे म्हणून तुझ्या पाया पडावंसंही वाटतं. लहान भावाच्या पाया पडत नाहीत, म्हणून लिहून टाकते.

तू येऊ नकोस. आईला सांग, यंदा अंगणवाडीची सुट्टी मिळत नाही. आबांना हे कारण सांगू नकोस, बाप आहेत, खोटं लगेच ओळखतील. शपथ मी घातली ती माझी चूक होती, मागं घेते.

जिथं असशील तिथं जपून राहा.

अक्का


बेंबळी,
२१ जुलै २०२५

श्री. मल्हार यास,
स. न. वि. वि.

हे पत्र पार्वतम्माच्या पत्त्यावर टाकतोय. तुझी पत्रं तिथं येतात हे मला जून महिन्यातच कळलं होतं. एकदा गल्ल्यावर ठेवलेलं बघितलं, मंजुषाचं अक्षर ओळखलं. उघडलं नाही. नवऱ्याच्या घरात जिला फोनवर बोलता येत नाही तिनं भावाला लिहिलं, त्यात माझा कमीपणा आहे, तिचा नाही.

एक गोष्ट घरी कुणाला सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल असं तुला वाटत असेल. मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. तू दाजी, सोडा म्हणालास आणि मी मूठ जास्त आवळली. टोळी बघत होती. मेहुण्यानं सांगितलं म्हणून सोडली, असं दिसायला नको होतं. मग तू ती शिवी दिलीस. मी दोरी सोडली नाही, मल्हार. तुझ्या अंगावर यायला म्हणून हात झटकला, त्या झटक्यात ती सुटली. तिसऱ्यांदाही तू मानानं बोलला असतास तर मी धरूनच राहिलो असतो. रात्री हा विचार आला की उठून बसतो.

तुळजापूरला एका गोदामात छोट्या क्रेनवर काम बघून आलोय. हात बरा झाला की जाईन. मुकादमानं पहिल्याच भेटीत अरे-तुरे केलं. बरं वाटलं. तिथं मी कुणाचा दाजी नाही.

मंजुषाला पंचमीला न्यायला ये. आईला मी समजावलंय, ती तोंड फिरवून बसेल, पण हाकलणार नाही. मीही तुझ्याशी बोलणार नाही, आधीच सांगून ठेवतो. शिवी मी विसरलेलो नाही आणि इतक्यात विसरणारही नाही. पण उपाशी जाऊ नकोस. तुझं ताट मी वाढणार आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण मूठ अजून पुरती मिटत नाही. भाकरी वाढण्यापुरती मिटते.

राग आहे तो आहेच, लोभही असू दे.

इंद्रजित